घराची अब्रू की लेकीचे जगणे?

'घरातली गोष्ट घरातच मिटवा.' भावाने बहिणीवर लैंगिक अत्याचार केला की आईबापांना हाच सल्ला मिळतो. पण मिटते ते लेकीचे तोंड, अत्याचार नव्हे.

घरातल्याच माणसाचा अत्याचार सोसलेल्या स्त्रियांना बोलते करण्याचे काम दिल्लीची 'राही' संस्था १९९६ पासून करते आहे. आपल्या बुलडाणा जिल्ह्यात चिखली, मेहकर, खामगावकडेही अशा बैठका व्हायला हव्यात. पुढाकार सोसलेल्या स्त्रियांचाच असावा. बाकीच्यांनी ऐकावे. आईबापांनाही तिथे जागा असावी, कारण दोन्ही लेकरे त्यांचीच. तक्रार केली तर मुलगा जातो, नाही केली तर मुलगी, या भीतीने ते गप्प बसतात.

वकील म्हणून सांगतो, २०१२ च्या पोक्सो कायद्याने नातेवाइकाने केलेला अत्याचार अधिक गंभीर मानला आहे. माहीत असून पोलिसांना न कळवणे हाही गुन्हा आहे. म्हणून ही बैठक म्हणजे समेटाची पंचायत नव्हे. मुलीचे नाव उघड करण्यास कायद्याची मनाई आहे. मुलगा १८ वर्षांखालील असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. तिथे समुपदेशनाची, सुधारणेची वाट आहे. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

१९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजली. बांधवांनो, तेच माप आता आपल्या उंबरठ्याच्या आत लावू या!