गाडीचा दंड आणि परदेशातलं नागरिकत्व



मागच्या महिन्यात आमच्या एका गटाची बैठक झाली. हप्ते गोळा झाले, पासबुकं भरून झाली, बाया घरी निघाल्या, तरी एक काकू काही उठेनात. सगळ्या गेल्यावर हळूच म्हणाल्या, "लेकाचा इंग्लंडवरनं फोन आलाय. विट्याच्या कोर्टातनं कागद आणायला सांगतोय. कसला कागद, कुठं मिळतो, काय कळंना. कुणाला सांगू नका हं."

काकू खानापूर तालुक्यातल्या. आपल्या खानापूर-आटपाडीची माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पोचली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आता त्यांची पुढची पिढी शिकून त्याच्याही पलीकडे जाते आहे. काकूंचा लेक तसाच गेला, तिकडे नोकरीला लागला, लग्न झालं, एक नात झाली. आता त्याला तिथलं नागरिकत्व घ्यायचं आहे. त्या अर्जात एक प्रश्न येतो: जगात कुठेही तुम्हाला एखाद्या गुन्ह्याबद्दल शिक्षा झाली आहे का? आणि त्याला आठवलं की कॉलेजात असताना त्याच्या मोटरसायकलची बाजाराच्या दिवशी एका सायकलवाल्याला धडक बसली होती. सायकलवाल्याला खरचटलं होतं. पोलीस केस झाली, तारखा पडल्या, शेवटी कुणीतरी सांगितलं, "कबूल म्हण, हजार रुपये भर आणि मोकळा हो." तो कबूल म्हणाला, हजार रुपये भरले, पेढे वाटून सगळे विसरून गेले.

आज आम्ही बोलणार आहोत ते याच विसरण्याबद्दल.

आपल्याकडे गाडीचा दंड म्हटलं की सगळं एकाच पोत्यात घालतात. पण पोती दोन आहेत. हेल्मेट नाही, सिग्नल तोडला, वेग जास्त होता, असल्या गोष्टींचं चलान येतं. हल्ली ते मोबाईलवर येतं, ई-चलान म्हणतात ते. ते वेळेत भरलं की प्रकरण तिथंच तडजोडीनं मिटतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० मध्ये तशी सोय आहे. त्यात खटला चालत नाही, गुन्हेगार म्हणून शिक्का बसत नाही. न भरता पडू दिलं, तर मात्र ते कोर्टात जाऊ शकतं.

दुसरं पोतं जड आहे. भरधाव, निष्काळजीपणे गाडी चालवून कुणाच्या जिवाला धोका केला, तर पोलीस गुन्हा नोंदवतात. पूर्वी हे भारतीय दंड संहितेचं कलम २७९ होतं. १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय न्याय संहिता आली, त्यात ते कलम २८१ आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा एक हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दारू पिऊन गाडी चालवली तर कलम १८५: पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही, दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड किंवा दोन्ही. अपघातात माणूस दगावला तर गोष्ट फारच पुढे जाते. या प्रकरणात न्यायाधीशांसमोर "कबूल" म्हणून दंड भरला की केस संपते हे खरं. पण संपते कशी? गुन्हा सिद्ध होऊन. दंडाची रक्कम हजारच असली तरी ती शिक्षाच असते. आमच्या मते इथेच आपली माणसं फसतात. एजंट म्हणा, ओळखीतला कुणी म्हणा, "कबूल म्हण" सांगतो, कारण त्याला ती तारीख संपवायची असते. पुढे पंधरा वर्षांनी त्या पोराला काय विचारलं जाईल, याचा त्याला काय ताप?

आता नागरिकत्वाकडे येऊ. भारत दोन देशांचं नागरिकत्व एका वेळी मान्य करत नाही. आपला लेक तिकडचा नागरिक झाला की त्याला इथला पासपोर्ट परत करावा लागतो, मग ओसीआय कार्ड काढून तो ये-जा करतो. म्हणजे हा निर्णय काही रेशनकार्डातलं नाव बदलण्याएवढा साधा नाही. बहुतेक देश अर्जदाराची वर्तणूक तपासतात. इंग्लंडमध्ये त्याला चांगल्या चारित्र्याची अट म्हणतात आणि ती दहा वर्षांच्या वरच्या सगळ्यांना लागते. अर्जाची फी दीड हजार पौंडांहून जास्त, म्हणजे आपल्या रुपयांत दीड लाखाच्या वर. अर्ज नाकारला तर ती परत मिळत नाही. एवढ्यात आपल्याकडे दोन चांगल्या म्हशी येतात.

मग तिकडे वेगात गाडी चालवल्याचा दंड झाला तर नागरिकत्व जातं का? तसं नाही. इंग्लंडमध्ये साध्या वेगासाठी जागेवरचा ठरावीक दंड शंभर पौंड आणि परवान्यावर तीन गुण. असा एखादा दंड वेळेत भरला असेल तर तो गुन्ह्याची शिक्षा धरत नाहीत. पण थोड्या काळात असे दंड एकावर एक साठले, तर अधिकारी विचारतो की हा माणूस कायदा पाळणारा आहे का. आणि दंड भरलाच नाही, प्रकरण कोर्टात गेलं, तर तिथे शिक्षा नोंदली जाते. दारू पिऊन चालवणं तर थेट कोर्टातच जातं.

एक गोष्ट मात्र तिकडे गेलेल्या प्रत्येक मुलाला आईनं फोनवर विचारावी अशी आहे. आपला भारतीय परवाना तिथे राहायला गेल्यापासून फक्त बारा महिने चालतो. पुढे तिथली परीक्षा देऊन तिथला परवाना काढावा लागतो. पोरं कामाच्या धांदलीत विसरतात, इथलाच परवाना दाखवत राहतात. बारा महिने उलटले की तो बिनपरवाना ठरतो, आणि त्यामुळे विमाही धोक्यात येतो. बिनविम्याची गाडी चालवली तर तीनशे पौंड आणि सहा गुण. नवा परवाना मिळून दोन वर्षांच्या आत सहा गुण झाले की परवानाच रद्द. आपल्याकडे इन्शुरन्स संपलेली गाडी गावात बिनधास्त फिरते, त्यामुळे हे आपल्याला फार वाटत नाही. तिकडे ते चारित्र्याच्या खात्यावर जमा होतं.

अमेरिकेत रीत थोडी वेगळी. तिथल्या अर्जात साध्या वाहतूक दंडाचे कागद जोडावे लागत नाहीत, जर दंड पाचशे डॉलरच्या आत असेल, अटक झाली नसेल आणि दारू किंवा नशेचा संबंध नसेल. पण दारू पिऊन चालवल्याच्या दोन शिक्षा पाच वर्षांच्या काळात झाल्या, तर २०१९ च्या एका निर्णयापासून तिथे असं गृहीत धरतात की या माणसाचं चारित्र्य चांगलं नाही. तसं नाही हे त्यानंच पटवून द्यायचं. कॅनडात डिसेंबर २०१८ पासून नशेत गाडी चालवण्याची कमाल शिक्षा दहा वर्षं केली आहे. त्यामुळे कायमचा रहिवासी असलेल्या माणसाला देश सोडावा लागण्याचीही वेळ येऊ शकते, नागरिकत्व तर पुढचीच गोष्ट. शिवाय शिक्षा म्हणून देखरेखीखाली काढलेले दिवस तिथे राहिल्याच्या दिवसांत मोजत नाहीत.

आता काकूंच्या लेकाची खरी अडचण सांगतो. हजार रुपयांचा दंड, तोही इतका जुना. तेवढ्यानं आभाळ कोसळलं नसतं. अधिकारी बघतो गुन्हा किती गंभीर, किती जुना, नंतर वागणूक कशी. पण तो पहिल्यांदा इंग्लंडला गेला तेव्हा व्हिसाचा अर्ज एका एजंटानं भरला होता. त्यातही विचारलं होतं की कुठल्याही देशात शिक्षा किंवा गाडी चालवण्याबद्दल दंड झाला आहे का. एजंटानं "नाही" वर खूण केली. लेकाला विचारलंही नाही, आणि लेकानं वाचलंही नाही, सही केली. आपण बँकेच्या कागदांवर जिथं बोट ठेवलं तिथं सही करतो ना, तशीच.

आता खरं सांगावं तर मागचं खोटं उघडं पडतं. न सांगावं तर दुसरं खोटं होतं. घरात दोन मतं होती. काकूंचे दीर म्हणाले, इथलं तिकडे कोण बघायला येतंय. आम्ही तसं म्हणू शकलो नाही. तिथल्या १९८१ च्या नागरिकत्व कायद्यात स्पष्ट आहे की माहिती लपवून किंवा खोटं सांगून मिळवलेलं नागरिकत्व नंतरही काढून घेता येतं. म्हणजे आज दडवलं तर ती टांगती तलवार नातीच्या शाळा-कॉलेजापर्यंत डोक्यावर राहणार. लेकाच्या बायकोनंही तेच सांगितलं. शेवटी त्यानं तिथल्या परवानाधारक सल्लागाराला गाठलं. सल्लागार म्हणाला, सगळं लिहून द्या, पण आधी निकालाची नक्कल आणा.

मग आम्ही आणि काकू विट्याला गेलो. हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण तो कुणालाही लागू शकतो. खटल्याचा नंबर आणि वर्ष माहीत नसेल तर घाबरू नका. जुनी समन्सची चिठ्ठी, वकिलाची फाईल, नाहीतर पोलीस ठाण्यातला गुन्हा नंबर शोधा. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर नावावरून किंवा गुन्हा नंबरवरूनही शोधता येतं. नंबर मिळाला की कोर्टाच्या नक्कल विभागात कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करायचा. मुलगा परदेशात असेल तर वकिलामार्फत केलेलं बरं. प्रकरण फार जुनं असेल तर कागद जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूमला गेलेले असतात, आणि छोट्या खटल्यांचे कागद ठरावीक मुदतीनंतर नष्टही करतात. तसं झालं असेल तर "कागद उपलब्ध नाहीत" हे लेखी मागून घ्या. तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका. निकाल मराठीत असतो, त्याचं इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून घ्यावं लागतं. आम्हाला तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला कागद हातात आला तेव्हा काकूंनी तो वाचता येत नसताना दोन्ही बाजूंनी बघितला.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर एक सांगतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. १५१०० हा त्यांचा फोन नंबर लिहून ठेवा.

आता कुणी म्हणेल, आमचं कुणी परदेशात नाही, आम्हाला काय. लेकीच्या बाळंतपणाला दुबईला जायचं म्हणून आपल्यातल्या किती जणींनी पासपोर्ट काढले? आपल्या जिल्ह्यांचे पासपोर्ट पुण्याच्या कार्यालयातून निघतात, आणि त्यासाठी पोलीस पडताळणी होते. पासपोर्ट कायदा १९६७, कलम ६ मध्ये असं आहे की फौजदारी कोर्टात खटला चालू असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. नुसता गुन्हा नोंदवला आणि प्रकरण अजून कोर्टापुढे आलं नाही, तर तो चालू खटला धरत नाहीत. खटला चालू असला तरी १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे त्याच कोर्टाची परवानगी घेऊन पासपोर्ट मिळवता येतो. परवानगीत मुदत लिहिली नसेल तर तो एका वर्षापुरता असतो. फॉर्ममध्ये मात्र खरं लिहायचं. माहिती दडवणं हा त्याच कायद्यात वेगळा गुन्हा आहे.

आणि गाडी तुमच्या नावावर असेल तर? गटाच्या कर्जातून आपल्यापैकी कितीजणींनी स्कूटी घेतल्या आहेत. आरसीबुकावर आपलं नाव बघून किती बरं वाटतं. पण ती स्कूटी दहावीतलं पोरगं चालवत असेल आणि त्यानं गुन्हा केला, तर कलम १९९-अ प्रमाणे पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या पोराला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही. पोलीस भरतीच्या, सैन्यभरतीच्या तयारीला पहाटे पळणारी पोरं आपल्या साताऱ्या-सांगलीत घरटी सापडतात. त्यांची चारित्र्य पडताळणी होते. तिथेही तेच: सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात सांगितलं की पडताळणीच्या फॉर्ममध्ये माहिती खरी द्यायची, आणि किरकोळ प्रकरण असेल तर वरिष्ठांनी ते समजून घेऊन ठरवायचं.

काकूंच्या लेकानं सगळे कागद जोडून अर्ज पाठवला आहे. मागच्या व्हिसाच्या अर्जातली चूकही लिहून दिली आहे. उत्तर अजून आलेलं नाही. काकू दर बैठकीला विचारतात, "आलं का काय?" जणू उत्तर आमच्याच पत्त्यावर येणार आहे. आणि हो, हे सगळं सांगायची परवानगी त्यांनीच दिली. म्हणाल्या, नाव तेवढं घेऊ नका.

येत्या बैठकीला येताना ज्यांच्या नावावर गाडी आहे त्यांनी आरसीबुक आणि मोबाईल दोन्ही घेऊन या. थकलेलं चलान आहे का ते सगळ्यांचं बघू. व्हॉट्सअॅपवर चलानची फाईल किंवा लिंक आली तर ती उघडू नका, त्यातून खात्यातले पैसे जातात. सरकारी संकेतस्थळाच्या नावाचा शेवट "गव्ह डॉट इन" असा असतो, तिथेच बघायचं. आणि कुणाच्या घरी कोर्टाची तारीख चालू असेल, तर "कबूल" म्हणायच्या आधी आम्हाला एक फोन करा.