सूर कानावर, नाव पाळण्यात
(लेखमाला : नावाची गोष्ट – भाग ६)

देवादिकांची आणि पूर्वजांची नावं मागच्या दोन भागांत पाहून झाली. या भागात पाहायची आहेत ती गाण्यातून थेट पाळण्यात उतरलेली नावं.

सप्टेंबर १९६९. लॉस एंजेलिसच्या एका इस्पितळात रॉक संगीतकार फ्रँक झॅपा आणि त्यांची पत्नी गेल यांना मुलगा झाला. नोंदीसाठी त्यांनी नाव सांगितलं, ड्वीझिल. गेल यांच्या पायाची करंगळी थोडी वाकडी होती, तिला फ्रँक लाडानं ड्वीझिल म्हणत. तेच नाव बाळाला! इस्पितळानं असलं नाव लिहायला साफ नकार दिला. तेव्हा फ्रँक यांनी आपल्या संगीतातल्या सोबत्यांची नावं एका दमात सांगून टाकली आणि जन्मदाखल्यावर ‘इयन डोनाल्ड कॅल्व्हिन युक्लिड झॅपा’ अशी लांबलचक नोंद झाली. घरात हाक मात्र ड्वीझिलचीच. कागदोपत्री आपण भलतेच कुणीतरी आहोत हे मुलाला कळलं तेव्हा तो पाच वर्षांचा होता. त्यानं हट्ट धरला, आईवडिलांनी वकील गाठला आणि हाकेचं नाव कायद्यानं खरं झालं.

झॅपांच्या घरातलं हे एकटंच नाव नव्हे. थोरली मून युनिट. पहिल्या बाळामुळे नवराबायकोचं कुटुंब होतं, म्हणून ‘युनिट’. धाकट्या अहमेटच्या नावात रोडान हा जपानी सिनेमातला उडता राक्षस आहे. शेंडेफळ दीवा, तान्ह्या बाळांच्या खोलीत सगळ्यात मोठ्यानं रडणारी तीच, म्हणून तिला ऑपेराच्या मुख्य गायिकेचं बिरुद मिळालं. अशी नावं मुलांना आयुष्यभर जड जातात असं अनेकांना वाटतं. ड्वीझिलनं मात्र त्याच नावानं गिटार हाती घेतली, वडिलांच्या रचना नव्यानं मंचावर आणल्या आणि त्यातल्याच एका रचनेसाठी २००९ मध्ये ग्रॅमी मिळवलं.

याच्या अगदी उलट गोष्ट रॉक गायक डेव्हिड बोवी यांच्या मुलाची. १९७१ मध्ये जन्मलेल्या या मुलाला जग ‘झोवी बोवी’ म्हणून ओळखू लागलं. यमक जुळलं, वर्तमानपत्रांची सोय झाली. पण दाखल्यावर डंकन झोवी हेवुड जोन्स अशी नोंद होती. मुलानं मोठेपणी त्यातलं साधं डंकन जोन्स तेवढं उचललं आणि त्याच नावानं २००९ मध्ये ‘मून’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. आईवडिलांनी दाखल्यात एक साधं नाव राखून ठेवलं होतं, ते असं कामी आलं.

काही देशांत हा प्रश्न घरापुरता राहत नाही. स्वीडनमध्ये नावांची मंजुरी करखात्याकडे. एका जोडप्याला मुलीला ‘मेटॅलिका’ या रॉक बँडचं नाव द्यायचं होतं, खात्यानं हरकत घेतली आणि २००७ मध्ये प्रकरण गोथेनबर्गच्या न्यायालयात गेलं. निकाल आईवडिलांच्या बाजूनं लागला. या नावाची एक बाई देशात आधीपासून आहे, हे न्यायालयानं लक्षात घेतलं. कॅलिफोर्नियात २०२० मध्ये गायिका ग्राइम्स आणि इलॉन मस्क यांना बाळाच्या नावातला १२ हा आकडा बदलून रोमन अक्षरांत लिहावा लागला, कारण तिथे नावात अंक चालत नाहीत.

महाराष्ट्रात गाण्यातलं नाव सहसा कुणाच्या कानाला खटकत नाही. भैरवी, कल्याणी, केदार, ललित, दुर्गा ही रागांची नावं आहेत आणि देवादिकांच्या नात्यानं ती घराघरांत रुळलेलीही आहेत. मल्हार तर दोन वाटांनी येतो. कुणाकडे जेजुरीच्या खंडोबाच्या नवसानं, कुणाकडे पावसाळी रागाच्या ओढीनं. किशोरीताई आमोणकरांच्या एका मुलाचं नाव बिभास, हेही सकाळच्या रागाचंच नाव. आसावरी, बागेश्री, मधुवंती यांच्या जोडीला आता गांधार, निषाद, स्वरा यांचीही बारशी होतात.

नाटकानंही नावं दिली आणि संगीतकारांनीही. १९२९ मध्ये जन्मलेल्या हेमा मंगेशकरची पुढे लता झाली, ती मास्टर दीनानाथांच्या ‘भावबंधन’ नाटकातल्या लतिकेवरून. आणि १९७३ मध्ये मुंबईत कवी-प्राध्यापक रमेश तेंडुलकरांच्या घरी मुलगा झाला, त्याला त्यांच्या आवडत्या संगीतकाराचं, सचिनदेव बर्मन यांचं नाव मिळालं. पुढे क्रिकेटवेड्या घरांनी आपल्या मुलांची नावं सचिन ठेवली, ती तेंडुलकरसाठी. त्यांतल्या कितीजणांना बर्मनदा आठवले असतील? नाव टिकलं आणि त्याचा धनी बदलला.

या सगळ्या उदाहरणांतून एक गोष्ट ठळक दिसते. नाव चमत्कारिक आहे की नाही, हे आजूबाजूच्या कानांच्या सवयीवर ठरतं. आणि ते निभावतं की नाही, हे ज्याचं नाव आहे त्यालाच ठरवता आलं पाहिजे. म्हणून आवडत्या गायकाचं किंवा रागाचं नाव जरूर ठेवावं, पण ते आधी आडनावासकट मोठ्यानं म्हणून पाहावं, शाळेच्या हजेरीत कसं वाजेल याचा विचार करावा आणि जमलं तर डंकनसारखी एक मोकळी वाट ठेवावी.

घाई करायचं तर काहीच कारण नाही. आपल्याकडे जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असली, तरी ती नावाशिवायही होते. त्यानंतर १२ महिन्यांपर्यंत बाळाचं नाव विनाशुल्क नोंदवता येतं आणि पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून.

(पुढील भागात : आडनावं आणि गावं)