नीळ: केसांसाठी आणि औषधासाठी

नीळ हे शेंगावर्गातील झुडूप. त्याच्या हिरव्या पानांत इंडिकन नावाचे रंगहीन द्रव्य असते. पाने पाण्यात भिजली की ते फुटते आणि हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन निळा रंग तयार होतो.

केस काळे करण्याची रीत याच क्रियेवर उभी आहे. आधी मेंदी लावून केस तांबूस करतात, मग सुक्या पानांची पूड कोमट पाण्यात कालवून लावतात. तांबूस व निळा मिळून काळा रंग येतो. भिजवलेली पूड फार वेळ ठेवू नये. रंग भांड्यातच पक्का झाला, तर तो केसांत शिरत नाही.

केरळात नीलीभृंगादी तेल विशेष प्रसिद्ध आहे. नीळ व माक्याचा रस, आवळा, ज्येष्ठमध, दूध आणि नारळाचे दूध तेलात आटवून ते सिद्ध करतात; केसगळती व अकाली पिकणे यांवर ते डोक्याला चोळतात. आयुर्वेदात ही वनस्पती नीलिनी म्हणून रेचक मानली आहे, विषबाधेवरील पारंपरिक उपचारांतही ती येते. असे पोटात घेण्याचे प्रयोग मात्र वैद्याशिवाय करूच नयेत.

बाजारातील ‘काळ्या मेंदी’त पुष्कळदा पीपीडी हे रसायन असते. त्याने त्वचेला तीव्र ॲलर्जी होऊ शकते, म्हणून वेष्टनावरील घटक वाचावेत.