ठोके सुधारले, माणसं दगावली

हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या रुग्णाच्या ईसीजीवर मधूनच एखादा रुंद, वेडावाकडा ठोका उमटतो. असे जादा ठोके पुष्कळ असले की अचानक मृत्यूचा धोका वाढतो, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. मग ठोके दाबले की मृत्यू टळेल, हा हिशेब अमेरिकेत अनेकांना पटला आणि 1980 च्या दशकात एन्कायनाइड, फ्लेकायनाइड ही औषधं दिली जाऊ लागली. ठोके खरोखरच कमी होत. पण त्याने जीव वाचतो का, हे तपासलं ते ‘कास्ट’ या चाचणीने. औषधाने ठोके आटोक्यात आलेल्या 1498 जणांची विभागणी निव्वळ योगायोगावर सोपवली गेली: 755 जणांना औषध, 743 जणांना औषध नसलेली गोळी. सरासरी दहा महिन्यांत पहिल्या गटात 63 जण दगावले, दुसऱ्यात 26. 1989 मध्येच चाचणीतली ही औषधं बंद करावी लागली.

आजारी माणसाला नुसती गोळी देणं हा अन्याय नव्हे का, असा आक्षेप घेतला जातो. तो घेताना औषध गुणकारी आहे हे आधीच गृहीत धरलेलं असतं, आणि नेमकं तेच तर ठरायचं होतं. मग औषधाने मृत्यू वाढताहेत, हे अनुभवी डॉक्टरांच्या लक्षात कसं आलं नाही? हृदयरोगी दगावला की दोष रोगाकडेच जातो. शंभरात साडेतीन मृत्यू आणि शंभरात आठ, हा फरक एकट्या दवाखान्यात दिसत नाही. त्यासाठी शेकडो रुग्णांची शिस्तीत मोजणीच लागते.