उसाच्या जाळावर उसाचा रस

चरकाच्या तोंडाशी उभा असलेला पोरगा मोळीतले पाच-सहा ऊस एकदम उचलतो, बुडख्याकडून रुळांत देतो आणि हात झटकन मागं घेतो. कडकडा आवाज होतो. एका अंगानं रस पन्हळीत पडतो, दुसऱ्या अंगानं चेपलेलं ओलं चिपाड बाहेर येतं. पौषातली पहाट आहे. भोगावतीवरून धुकं चढलंय आणि गुऱ्हाळाच्या पत्र्याखालून निघणारी वाफ त्यात मिसळतेय, त्यामुळं वीस पावलांवर उभा असलेला ट्रॅक्टर दिसत नाही. वास मात्र पार डांबरी रस्त्यापर्यंत पोचलाय. करवीरातल्या जाणत्या माणसाला नुसत्या त्या वासावरून आधण कुठवर आलंय ते कळतं.

मी चरकाच्या मोटारीपाशी उभा आहे. तिच्या पत्रीवर १५ किलोवॅट असं उठवलंय, म्हणजे २० अश्वशक्ती. दिवसभर सलग राबणारा धडधाकट माणूस सरासरी ७५ वॅटच्या आसपास काम देतो. या हिशेबानं कोपऱ्यातलं हे लोखंडी धूड दोनशे गड्यांच्या बळानं फिरतंय. तारेतून वीज येते, मोटारीत तिची गती होते, गती पट्ट्यावरून चरकाच्या चाकावर जाते आणि रुळांत ऊस भरडला जातो. मी मोटारीच्या कवचाजवळ तळहात नेतो. चांगलीच धग लागते. ही धग कुणालाच नको होती. विजेचा जो वाटा ऊस पिळायच्या कामी आला नाही, तो इथं उष्णता होऊन बाहेर पडतोय. पट्टाही गरम आहे, चरकाचे बेअरिंगही गरम आहेत, आणि कान किटवणारा हा खडखडाट भिंतींवर, हवेत विरून शेवटी उष्णताच होणार आहे.

‘‘आमच्या आज्याच्या वक्ताला हितं बैलं फिरायची,’’ तात्या सांगतात. तात्या इथले गुळव्या. डोक्याला मफलर, हातात लांब दांड्याचा झारा. ‘‘वाडं खायाची आन् घाणा वडायची.’’

वाडं म्हणजे उसाचाच शेंडा. म्हणजे त्या काळी ऊस पिळायला लागणारं बळही उसातूनच यायचं, बैलाच्या पोटातून फिरून. आता ते तारेतून येतं. मूळ कुठलं, ते मात्र तारेकडं बघून सांगता येत नाही. कोयनेच्या शिवसागरातलं पाणी बोगद्यातून सह्याद्री भेदून पश्चिमेला खाली कोसळतं, झोतयंत्रं फिरवतं, त्याची वीज याच जाळ्यात येते. चंद्रपूरचा कोळसा जळतो, त्याचीही याच जाळ्यात येते. कोयनेचं पाणी उन्हानं अरबी समुद्रातून उचलून घाटमाथ्यावर नेऊन ओतलेलं असतं. कोळसा पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या झाडांचा. त्या झाडांनी त्या वेळचं ऊन साठवलं, ते जमिनीखाली गाडलं गेलं आणि आज त्यातलं थोडंसं इथं पट्टा फिरवतंय. कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा वीज होऊन तारेत चढतो, बाकीचा तिथंच पाण्यात आणि हवेत जातो.

तेवढ्यात दिवे जातात. मोटारीचा आवाज बसतो, पण चरक लगेच थांबत नाही. त्याच्या अंगची गती उरलेली आहे. जड चाक आणखी काही फेरे घेतं, तोंडात अडकलेला ऊस अर्धा गिळतं आणि कण्हत उभं राहतं. पोरगा ‘‘गेली!’’ म्हणून ओरडतो आणि चिपाडाच्या ढिगावर टेकतो.

चुलवाणाला मात्र याची दखल नाही. अंधारात तेच आता सगळ्यांत मोठं दिसतं. काहिलीच्या बुडाशी लालभडक तोंड, आणि तिच्याभोवती फिरणाऱ्या माणसांच्या सावल्या पत्र्यावर चढतायत. मी त्या बाजूला उतरतो. जाळ घालणारा गडी खड्ड्यात उभा आहे. वाळलेल्या चिपाडाची कवळ तो एका हातानं उचलतो आणि तोंडातून आत भिरकावतो. कवळ पडते न पडते तोच पेटते. चेहरा भाजतो. माझ्या आणि आगीच्या मध्ये चार हात हवा आहे, तरी गाल चरचरतात, कारण ही धग हवेवर अवलंबून नाही. ती प्रकाशासारखीच सरळ येते. मी वळून पाठ करतो, तर पाठीला ऊब आणि छातीला पौषातला गारठा.

‘‘वलं घातलं तर काय हुतंय?’’ मी विचारतो.

‘‘धूर हुतुया नुसता,’’ गडी म्हणतो. ‘‘आदी त्येचंच पानी जाळावं लागतंय न्हवं.’’

चरकातून निघालेल्या ताज्या चिपाडात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं. म्हणून ते अंगणात पसरून उन्हात वाळवतात, आणि आजचं चिपाड आज कुणी घालत नाही. सूर्य इथं दुसऱ्यांदा कामाला येतो. पहिल्यांदा आला तो हा ऊस वाढवताना. हा आडसाली ऊस आहे, दीड वर्षापूर्वीच्या पावसाळ्यात लावलेला. दोन पावसाळे, एक उन्हाळा त्यानं शेतात काढला. ऊस ऊन पकडण्यात भल्याभल्या पिकांना मागं टाकतो, तरीसुद्धा पानावर पडणाऱ्या शंभर भाग उन्हातला एखाद-दुसरा भागच त्याच्या अंगी लागतो. त्या एखाद-दुसऱ्या भागातली काही ऊर्जा साखर होऊन रसात गेली आणि काही धागा होऊन चिपाडात राहिली. आता चिपाडातली जळतेय आणि तिच्यावर रसातली आटतेय. उसाचा गूळ करायला उसाचाच जाळ. इंधनासाठी झाड तोडावं लागत नाही, कोळसा आणावा लागत नाही. गुऱ्हाळात मला सगळ्यांत जास्त भावते ती ही गोष्ट, आणि इतकी नेटकी व्यवस्था इतकी जुनी असूनही तिचं कौतुक कुणी फारसं करत नाही याचं वाईट वाटतं.

धुराडं मागच्या अंगाला आहे. त्यातून तापलेली हवा वर चढते, तिची जागा घ्यायला खालून गार हवा आत ओढली जाते आणि जाळ फुलतो. फुंकणी नाही, पंखा नाही. उष्णतेचा एक वाटा गती होऊन आगीला श्वास पुरवतोय. पण त्याच धुराड्यातून खूप मोठी उष्णता आभाळात निघून जाते. धूर काळा आला तर त्याहून वाईट, कारण काळा धूर म्हणजे न जळताच गेलेलं चिपाड. गडी मान वर करून दर थोड्या वेळानं धुराकडं बघतो आणि त्यावरून पुढची कवळ मोठी घ्यायची की लहान ते ठरवतो. मोजायचं दुसरं साधन त्याच्याकडं नाही, आणि त्याचं सहसा चुकत नाही.

दिवे येतात. चरक पुन्हा खडखडू लागतो. मी वर काहिलीपाशी जातो.

काहिलीत हजारेक लिटर रस आहे. तात्यांनी चुन्याची निवळी आणि रानभेंडीचा चिकट रस आधीच घातलाय. मळी वर येते, ते झाऱ्यानं ती काढून बाजूला टाकतात. खालचा हिरवट-राखाडी रस हळूहळू सोनेरी होत चाललाय. मधून रस उसळून वर येतो, कडेनं खाली जातो. तात्यांच्या मुलानं कडेला थर्मामीटर सोडलाय, आकडे दाखवणारा. तो १०१ दाखवतो. मी उभा राहून बघत राहतो. खाली जाळ तसाच भडभडतोय, गडी कवळीमागून कवळ घालतोय, आणि आकडा १०१. अर्धा तास होतो. आकडा १०२.

‘‘तात्या, एवढा जाळ जातोय कुठं?’’

‘‘पानी हाय तवर त्यो हालायचा न्हाई, सर. पानी सरलं की बगा कसा पळतोय.’’

अप्रकट उष्मा यापेक्षा सोप्या शब्दांत कुणी सांगितलेला मी ऐकलेला नाही. एक लिटर गार पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सुमारे सातपट त्याची वाफ करायला लागते. तापमान न वाढवता ती सगळी वाफेच्या अंगात शिरते. ती तिथं लपते, हरवत नाही. मी डोक्यावरच्या पत्र्याला हात लावतो. बाहेर गारठा असूनही आतून पत्रा कोमट आहे, आणि त्याला थेंब धरलेत. वाफेचं पुन्हा पाणी होताना तिनं घेतलेलं सगळं पत्र्याला परत दिलंय. वाफेनं भाजणं उकळत्या पाण्यापेक्षा वाईट असतं ते याचमुळं, आणि म्हणून तात्या कुणालाही काहिलीवर वाकू देत नाहीत.

मी वहीत ढोबळ हिशेब मांडतो. या आधणातून दोनशे किलोच्या आसपास गूळ निघेल, म्हणजे आठशे लिटरच्या वर पाणी हवेत जाणार. त्याला लागणारी उष्णता विजेच्या भाषेत मांडली तर ६०० युनिटांच्या पुढं जाते. एवढा ऊस पिळायला मोटारीनं दोनेक तासांत खाल्लेली वीज ३० युनिटांच्या आसपास. विजेवर गूळ आटवायचा म्हटलं तर शेतकरी बुडेल. आणि हे ६०० काहिलीत पोचलेले. चिपाडानं जळून दिलेली उष्णता त्याच्या दुपटीहूनही जास्त असणार. उरलेली धुराड्यातून, चुलवाणाच्या भिंतीतून आणि आमच्या गालांवरून गेली. ऊर्जेची अक्षय्यता म्हणजे ऊर्जा नाहीशी होत नाही, एवढं मुलं पाठ करतात. ती नाहीशी होत नाही हे खरं, पण पांगते, आणि एकदा पांगलेली गोळा करून पुन्हा काहिलीखाली घालता येत नाही. गुळव्याचं आणि जाळ घालणाऱ्याचं सगळं कसब या पांगण्याशी चाललेल्या झगड्यात आहे.

आता रंग गडद झालाय. बुडबुडे मोठे आणि जड फुटतायत. रस काठाशी येतो, तात्या शेंगतेलाचे चार थेंब टाकतात आणि फेस खाली बसतो. आकडा पळू लागलाय. १०८, ११२, ११५. तात्या आकड्याकडं बघतच नाहीत. झाऱ्यावरून पाक गार पाण्याच्या भांड्यात सोडतात, बोटांनी गोळी करतात आणि भांड्याच्या कडेवर आपटतात. टण्ण. ‘‘उतरा!’’ मुलगा थर्मामीटर बघून म्हणतो, ‘‘११८.’’ दोन्ही एकाच क्षणी.

मग घाई उडते. यारीची साखळी ताणली जाते, काहील उचलली जाते आणि पाक वाफ्यात ओतला जातो. दोघं फावडी घेऊन घोटायला लागतात. त्यांच्या दंडांवर घाम आहे. त्यांचं हे बळही घोटता घोटता पाकात उष्णता म्हणून शिरतंय, पण इतकं थोडं की थर्मामीटरला कळणार नाही. एक किलो पाणी घर्षणानं एक अंश तापवायचं, तर तेवढंच वजन ४२७ मीटर उंचीवरून सोडावं लागतं. हा हिशेब १८४० च्या दशकात जेम्स जूलनं पक्का केला. तो मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डचा, घरचा धंदा बिअर गाळण्याचा. खाली येणाऱ्या वजनांनी पाण्यातली वल्ही फिरवून तो पाण्याच्या तापमानातला अंशाचा बारीक भाग मोजत बसे. थर्मामीटर जपून वापरायची त्याची सवय गाळपाच्या कामातलीच असावी, असं मला वाटतं.

बादलीत फडकं घालून गूळ भरला जातो. ३० किलोचा एक रवा. मी पुन्हा वही काढतो. शंभर ग्रॅम गुळात ३८० किलोकॅलरी धरल्या, तर एका रव्यात सुमारे १३० युनिट विजेइतकी ऊर्जा आहे. असे रवे १८९५ मध्ये शाहू महाराजांनी वसवलेल्या शाहूपुरीच्या पेठेत वर्षानुवर्षं गेलेत.

तात्या वाफ्याच्या कडेचा कोमट गूळ खरवडून माझ्या हातावर ठेवतात, शेजारी भाजके शेंगदाणे आणि तांब्याभर पाणी. गूळ दहा ग्रॅमही नसेल. तेवढ्यावर साठ किलोचा माणूस साठ-पासष्ट मीटर उंची चढून जाईल, तेही अंगातली पाऊणएक ऊर्जा ऊब होऊन बाहेर गेल्यावर. याच उबेनं १८४० मध्ये जावा बेटाकडं गेलेला रॉबर्ट मायर हा जहाजावरचा डॉक्टर विचारात पडला होता. उष्ण मुलुखात खलाशांचं नसेतलं रक्त त्याला नेहमीपेक्षा लालभडक दिसलं. अंग गरम ठेवायला इथं कमी जाळावं लागतं, हे त्यानं ताडलं, आणि अन्न, उष्णता आणि श्रम यांचा हिशेब एकाच वहीत मांडता येतो या निष्कर्षापर्यंत तो पोचला. घोटणाऱ्या गड्याच्या पाठीवरून आत्ता वाफ निघतेय. गुळातलं ऊन त्याच्या अंगातून हवेत चाललंय.

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘कार्य आणि ऊर्जा’ हा धडा आहे. तो शिकवणाऱ्या कोल्हापूर, सांगली, सातारा, कराडकडच्या शिक्षकांना माझं एक कळकळीचं सांगणं आहे. ऊर्जेचे प्रकार फळ्यावर लिहून देण्याआधी मुलांना एक सकाळ गुऱ्हाळावर न्या. गुऱ्हाळं कमी होत चाललीत, आणि जी आहेत ती मार्च-एप्रिलपर्यंतच चालतात. थर्मामीटर, तराजू आणि वही सोबत घ्या. ओलं आणि वाळलं चिपाड मुलांना स्वतः तोलू द्या, आकडा १०१ वर किती वेळ थांबतो ते घड्याळ लावून लिहू द्या. आदल्या दिवशी फोन करून आधण कधी उतरणार ते विचारून घ्या, आणि मुलांना काहिलीपासून चार हात लांब उभं करा.