कलावंताची दलाली आणि आगाऊ फी

सिनेमांत काम मिळवून देतों असें सांगून आगाऊ पैसे उकळणारे लोक मुंबईला नवे नाहींत. पूर्वीं पत्र येई, आतां फोनवर निरोप येतो, एवढाच फरक. ‘आपल्या कन्येची निवड झाली आहे, छायाचित्रांसाठीं व नांवनोंदणीसाठीं अमुक रक्कम दोन दिवसांत भरावी.’ घरांतलीं माणसें शिकलेलीं, व्यवहार जाणणारीं असतात. तरीहि रक्कम जाते. कारण ती मागणारा मनुष्य चोरासारखा बोलत नाहीं. तो पावती देतो, कार्यालय दाखवितो, मुलीला कॅमेऱ्यापुढें उभीहि करतो.

श्रोतेहो, अशा वेळीं फसवणूक सिद्ध करणें फार अवघड. काम मिळालें नाहीं म्हणजे फसविलेंच असें होत नाहीं; या धंद्यांत प्रामाणिक खटपटीहि पुष्कळदां फुकट जातात. ‘आम्हीं प्रयत्न केला’ एवढें म्हटलें कीं दलाल मोकळा! ही पळवाट बुजवावयाची तर कायद्यानें दलालाच्या मनांत शिरण्याच्या भरीस न पडतां, पैसा कोणाकडून आणि केव्हां घेतला एवढेंच पाहावें. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानानें हाच मार्ग धरला.

हॉलीवुड तेथेंच असल्यामुळें या विषयाचा अनुभव त्या संस्थानास भरपूर. तेथें कलावंताला काम मिळवून देणाऱ्या दलालास लेबर कमिशनरचा परवाना लागतो, आणि नांवनोंदणीची फी त्याला घेतां येत नाहीं. कलावंताला मेहनताना मिळाला म्हणजे त्यांतून त्याचा हिस्सा, बहुधा शेंकडा १०. कलावंत उपाशी तर दलालहि उपाशी. याच्या जोडीला पॉल क्रेकोरियन या विधिमंडळ-सदस्यानें मांडलेला कायदा २००९ सालीं मंजूर होऊन २०१० पासून अमलांत आला. काम मिळवून देण्याच्या नांवावर आगाऊ पैसे घेणें हाच त्यानें गुन्हा ठरविला. शिक्षा १ वर्षापर्यंत कैद, १०,००० डॉलरपर्यंत दंड, किंवा दोन्हीं. शिवाय कलावंतानें दिवाणी दावा जिंकल्यास भरलेल्या रकमेच्या निदान तिप्पट भरपाई त्याला मिळते.

अभिनयाच्या वर्गांना बंदी नाहीं. ते उपयोगाचे असूं शकतात. मात्र ते चालविणाऱ्यानें ५०,००० डॉलरांचा जामीन ठेवावा, करार लेखी असावा, आणि कामाच्या १० दिवसांच्या आंत तो रद्द करून पैसे परत मागण्याचा हक्क कलावंतास असावा, अशी तरतूद आहे. यांतली शेवटची अट मला सर्वांत शहाणपणाची वाटते. दिपलेलें मन ताळ्यावर येण्यास आठवडा तरी लागतोच. अर्थात् वर्गाच्या आडूनहि चोरवाट निघते. शिकविण्याच्या नांवाखालीं पात्रनिवड करणाऱ्यांची भेट विकली जाते, असा आरोप ठेवून लॉस एंजेलिसच्या सिटी अॅटर्नीनें २०१७ सालीं ५ कार्यशाळांवर खटले भरले.

आपल्याकडे या आगाऊ फीविरुद्ध असा स्वतंत्र कायदा नाहीं. १९८१ च्या सिने-कामगार कायद्यानें निर्मात्यानें लेखी करार करावा अशी अट घातली, आणि २०२० च्या व्यवसाय-सुरक्षा संहितेनें ती पुढें चालविली. पण तिचा उपयोग काम मिळालेल्याला. दारांत ताटकळत उभा असलेल्याला नव्हे. त्याला आधार भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमाचा, म्हणजे १ जुलै २०२४ पूर्वींच्या प्रसिद्ध ४२० चा. फसवून पैसे द्यावयास लावणाऱ्यास त्याखालीं ७ वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. परंतु दलालाचा हेतु आरंभापासूनच अप्रामाणिक होता, हें येथें दाखवावें लागतें.

म्हणून पुरावा आधींपासून जपावा लागतो. निरोप पुसूं नयेत. रोख रक्कम देऊं नये. ज्या निर्मिती-संस्थेचें नांव सांगितलें असेल तिला स्वतंत्रपणें लिहून विचारावें. ‘हा मनुष्य आमचा नाहीं’ असें तिचें उत्तर आलें, तर तोतयेगिरीचा तो लेखी पुरावा झाला, आणि अप्रामाणिक हेतूचा प्रश्न बराच सुटला. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या क्रमांकावर त्याच दिवशीं, शक्य तर त्याच तासांत, तक्रार नोंदवावी. रक्कम एका खात्यांतून दुसऱ्यांत सरकण्यापूर्वींच ती गोठवितां येणें सोपें असतें.