खुब्यांची नोंदवही

कृत्रिम खुब्याचा प्रत्येक भाग ज्या खोक्यातून येतो, त्यात काही छापील स्टिकर असतात. कंपनी, मॉडेल, लॉट नंबर. ऑस्ट्रेलियातल्या ऑपरेशन थिएटरमध्ये वाटी आणि दांडा बसला की तिथली नर्स हे स्टिकर एका फॉर्मवर चिकटवते. डावा खुबा की उजवा, ऑपरेशन पहिलेच की जुना सांधा काढून नवा घातला, हेही त्यावर येते. मग फॉर्म ॲडलेडला, देशाच्या सांधेबदल नोंदवहीकडे जातो. जगभर नावाजलेल्या या यंत्रणेचा सगळा डोलारा त्या चिकटवण्यावर उभा आहे. एक स्टिकर राहिला तर पुढचे सारे गणित लंगडे पडते.

अशा नोंदींची सुरुवात स्वीडनने केली: 1975 मध्ये गुडघ्यांची, 1979 मध्ये खुब्यांची. नॉर्वेने 1987 मध्ये तोच मार्ग धरला. ऑस्ट्रेलियाचे काम 1999 मध्ये सुरू झाले आणि 2002 पर्यंत देशभर पोहोचले. इंग्लंड-वेल्सची नोंदवही 2003 ची.

एखाद्या सर्जनकडे एकाच मॉडेलचे दोन-तीन सांधे लवकर निकामी होऊन परत आले, तर त्याला आपला हात चुकला असे वाटते, किंवा रुग्णाचे हाड कच्चे होते असे. शंभर शहरांतल्या शंभर सर्जनना तसेच वाटत राहते. ॲडलेडमध्ये मात्र ते सगळे सांधे एका रांगेत येतात. मृत्यूच्या नोंदीशीही ताळा घातला जातो. सांधा शेवटपर्यंत टिकला आणि माणूस गेला, तर ते अपयश धरत नाहीत. त्या प्रकारच्या इतर सांध्यांच्या दुपटीहून अधिक वेगाने एखादे मॉडेल बदलावे लागत असेल, तर ते बाजूला काढून सर्जनांसमोर तपासणीला ठेवतात.

डीप्यू कंपनीचा एएसआर हा धातूवर धातू घासणारा खुबा 2007 मध्ये असाच नजरेत आला. त्याची वाटी उथळ होती. कडेवर भार आला की कोबाल्ट-क्रोमियमचे कण सुटून आसपासचे मांस खराब करत. डिसेंबर 2009 मध्ये तो ऑस्ट्रेलियातून मागे घेतला गेला आणि ऑगस्ट 2010 मध्ये जगभरातून. तोवर सुमारे 93,000 रुग्णांच्या शरीरात तो बसला होता. ब्रिटिश नोंदींनुसार पाच वर्षांत त्याच्या एका प्रकारात 12 टक्के, तर दुसऱ्यात 13 टक्के रुग्णांना पुन्हा ऑपरेशन करावे लागले होते. इशारा आणि जगभरातली माघार यांतली ती तीन वर्षे खटकतात. नोंदवही इशारा देऊ शकते, विक्री थांबवण्याचा अधिकार तिच्याकडे नाही.

मोजमापही अपुरे आहे. सांधा दुखतो, पण दुसऱ्यांदा टेबलावर जायची हिंमत नाही, अशी आजी नोंदवहीत यशस्वी ठरते. म्हणून न्यूझीलंडमध्ये सहा महिन्यांनी रुग्णांना प्रश्नावली पाठवून विचारतात: जिना चढता येतो का, रात्री दुखते का?

भारतात एएसआरचे सुमारे 4,700 खुबे बसवले गेले. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने 2011 मध्ये मुंबईत पोलिसांकडे तक्रार नोंदवली. केंद्राने 2017 मध्ये समिती नेमली, पुढच्या वर्षी भरपाईचे सूत्रही ठरले. पण भरपाई द्यायची कोणाला? सुमारे 3,600 रुग्णांचा पत्ताच लागला नव्हता. धातूचे कण रक्तात मिसळत असताना तपासणीला या, असे सांगायलाही त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचू शकत नव्हते. खुबा आणि गुडघ्याच्या सर्जनांच्या संघटनेने 2006 पासून नोंदवही चालवली आहे, पण तीत माहिती भरणे ऐच्छिक. 2017 मध्ये गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा आली, तेव्हा बिलावर कंपनीचे नाव आणि बॅच नंबर लिहिण्याची अटही आली. म्हणजे हवी ती माहिती गुडघ्याच्या रुग्णाच्या हातात पडते. पण ते बिल घरच्या कपाटात पडते. दहा वर्षांनी गुडघा दुसऱ्या शहरात, दुसऱ्या दवाखान्यात बदलला, तर पहिल्या सांध्याचे काय झाले हे तो बसवणाऱ्या सर्जनलाही कळत नाही आणि कंपनीलाही.